बरडावरची हजेरी

दरवर्षी 19 ते 25 नोव्हेंबर या जागतिक वारसा सप्ताहातल्या रविवारी गावचा वारसा जपणाऱ्या आमच्या मंडळाचा मेळावा गावाबाहेरच्या बरडावर भरतो. दीपप्रज्वलन, स्वागत आणि हिशेबाचे वाचन अर्ध्या तासात आटोपते व त्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नसते. माझे मन अडकलेले असते ते त्यानंतरच्या हजेरीत.

आमचे बरड नागपूर जिल्ह्यातल्या इतर बरडांसारखेच आहे: पळसाची झुडपे, पायाखाली मुरूम आणि मधूनमधून रिंगण धरून बसलेले, अर्धे जमिनीत रुतलेले काळे दगड. गावात त्यांना 'गोट्यायचे रिंगण' म्हणतात. जुनापाणीला अशी, म्हणजे प्राचीन दफनांभोवती दगड मांडून केलेली, सुमारे 300 शिलावर्तुळे आहेत, माहुरझरीच्या वर्तुळांत माणसांसोबत घोडेही पुरलेले आढळले आणि नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, हे सारे पहिल्या मेळाव्यात पाहुणे म्हणून आलेल्या पुरातत्त्वाच्या प्राध्यापकांनी आम्हाला समजावून सांगितले. आपल्या रिंगणांखाली अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसे असू शकतात, हे ऐकल्यावर बाया डोक्यावर पदर घेऊन तिथेच नमस्कार करू लागल्या, ते मला अजून दिसते.

राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला कायद्याने मनाई आहे. परंतु आमचे बरड अशा कोणत्याही यादीत नाही. सातबाऱ्यावर ते सरकारी गायरान आहे आणि गायरान म्हणजे कोणीही यावे व खोदून न्यावे, असा समज पंचक्रोशीत पक्का होता. म्हणून मंडळाने प्रत्येक वर्तुळाला क्रमांक दिला व तो शाळेतल्या एकेका मुलाच्या हाती सोपवला. ते मूल वर्षभर आपल्या वर्तुळावर नजर ठेवते, दगड मोजते, दगडांवरच्या वाटीएवढ्या खळग्या पाहते आणि वहीत लिहिते. मेळाव्यात गुरुजी क्रमांक पुकारतात. वर्तुळापाशी उभे असलेले मूल हात वर करून ओरडते, "हजर! दगड तेवीस, नवीन खड्डा नाही!" मग पुढचा क्रमांक, आणखी लांबून येणारा आवाज, कधी झुडपांमागून नुसताच हात. हे ऐकताना माझा गळा दरवर्षी दाटून येतो.

एका वर्षी पावसाळा सरल्यावर रस्त्याच्या कामासाठी बाहेरच्या कंत्राटदाराने रातोरात जेसीबी लावून मुरूम नेला. मेळाव्यात गुरुजींनी चौदा नंबर पुकारला. सातवीतली मुलगी कंबरभर खड्ड्यात उभी होती. तिने हात वर केला नाही. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाली, "चौदा गैरहजर आहे, सर. चारच दगड उरले." मंडपात कोणी हूं की चूं केले नाही. तेव्हा गावची गुरे राखणारे आमचे ढोरकी आजोबा काठी टेकत उठले. ते आजवर मेळाव्यात बोलले नव्हते. "हे आपल्या पयलेचे लोक हायेत बाप्पा. मेल्यावरही माणसाले जागा लागते. आपून नाई राखली त आपली कोन राखन?" एवढेच बोलून ते खाली बसले. त्याआधी आणि त्यानंतर मी पुष्कळ भाषणे ऐकली, पण त्या तीन वाक्यांच्या तोडीचे एकही नाही.

पुढच्या ग्रामसभेत एकमताने ठराव झाला. निवृत्त तलाठीभाऊंनी सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 सालचा निकाल मराठीत समजावून सांगितला आणि अर्ज लिहून दिले. तेव्हापासून बरडाकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरला गावातलाच कोणी ना कोणी अडवतो.

उपस्थितीविषयी मात्र मनात खंत आहे. नोव्हेंबर म्हणजे कापसाच्या वेचणीचे दिवस. मजुरी बुडवून बायांनी यावे, असे मी कधीच म्हणणार नाही. पण नागपुरात स्थायिक झालेली आमची मंडळी पोळ्याला गाड्या भरून येतात, लग्नाला दोन दिवस मुक्काम करतात आणि या एका रविवारी त्यांना नेमके काम निघते, हे मला लागते. ज्यांचे आजोबा या बरडावर गुरे चारत होते, त्यांच्या खुर्च्या रिकाम्या पाहवत नाहीत.

ज्यांच्यामुळे मेळावा उभा राहतो त्यांची नोंद राहू नये, असे होता कामा नये. पहाटे चुली पेटवून रोडगे व वांग्याची भाजी करणाऱ्या बचत गटाच्या बाया, भाडे न घेता मंडप देणारे भाऊ, बंडीतून पाण्याचे पिंप आणणारी जोडी, दवंडी देणारे कोतवाल, लहानग्यांना सांभाळणाऱ्या अंगणवाडीताई, सतरंज्या देणारे भजनी मंडळ, सरपंचताई, पोलीस पाटील, ध्वनिक्षेपक लावणारा मुलगा, सुतळी व चुना पुरवणारे किराणा दुकानदार. आणि हो, पंगतीनंतर एकटीच मागे राहून बरडावरची पत्रावळ न् पत्रावळ वेचणारी शाळेतली स्वयंपाकीण मावशी. तिचे नाव स्वागताच्या यादीत दोन वर्षे राहून गेले, ती चूक माझी.

ढोरकी आजोबा आता नाहीत. चौदा नंबर आम्ही यादीतून काढलेला नाही. दरवर्षी तो पुकारला जातो आणि कोणीतरी त्या खड्ड्यात उभे राहून "गैरहजर" म्हणते. परवा शाळेत क्रमांक वाटताना तो नंबर मलाच हवा म्हणून तीन मुले भांडली. शेवटी गुरुजींनी तिघांनाही दिला.