सिनियर नसलेल्या ऑफिसातली ज्युनियर

कोल्हापुरात छोट्या कंपनीत डेव्हलपर म्हणून लागलात की बऱ्याचदा टेक टीम म्हणजे तुम्ही एकटेच. आमच्याकडेही तेच, मालकांना सॉफ्टवेअर चाललं म्हणजे झालं, आणि ऑफिसात सगळ्यात सिनियर कोण तर अकाउंट्सवाले काका. लोक म्हणतात आता एआय आहे की, विचार त्याला. अहो पण उत्तरं तर आधीही गूगलवर मिळायचीच, जो प्रश्न आपल्याला पडलाच नाही तो विचारायचा कसा?

आता हेच बघा. जँगोमध्ये (पायथनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) ऑर्डर्सची लिस्ट दाखवायचीय, प्रत्येक ऑर्डरसमोर ग्राहकाचं नाव. साधा लूप लिहिला की काम होतं, पण 100 ऑर्डर्स असतील तर लिस्टची एक क्वेरी (म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आणि नावांसाठी आणखी 100, आणि लॅपटॉपवर टेस्ट डेटा असतो चार-दोन ओळींचा त्यामुळे पेज झटकन उघडतं नि कुणाला काही कळत नाही. सिनियर असता तर कोड बघताक्षणी म्हणाला असता, अगं सिलेक्ट रिलेटेड लाव, एका जॉइनमध्ये भागतंय (म्हणजे ऑर्डर्स नि ग्राहकांची टेबलं जोडून एकाच क्वेरीत). म्हणून मी पेजमागच्या क्वेरी मोजून दाखवणारा डीबग टूलबार कायम चालू ठेवते, पेज बरोबर दिसलं तरी आधी क्वेरींचा आकडा बघायचा. तसंच पोस्टग्रेस या डेटाबेसचं, फॉरेन की (एका टेबलाची ओळ दुसऱ्या टेबलाशी जोडणारा दुवा) लावली म्हणून त्या कॉलमवर तो आपणहून इंडेक्स (पटकन शोधायची सूची) करत नाही, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी इंजिन करतं. (जँगोच्या मॉडेलमधून केलं तर जँगो करून देतो, हाताने टेबल बनवलं की ते आपलं आपण बघायचं.) मोठ्या टेबलातली एकच ओळ शोधायला सीक्वेन्शियल स्कॅन (पहिल्या ओळीपासून सगळं टेबल वाचणं) चाललेला एक्सप्लेन अनालाइजमध्ये (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) दिसला की समजायचं पाणी कुठं मुरतंय.

पण ही झाली टूल्स. मला खरी उपयोगी पडली ती जँगोची जुनी तिकिटं (लोकांनी नोंदवलेल्या चुका नि मागण्या), त्यातही मंजूर झालेल्यांपेक्षा 'वोन्टफिक्स' म्हणजे 'करणार नाही' असा शिक्का मारलेली जास्त! तिथं मुरलेली माणसं कारणासकट नाही म्हणतात, हे कोअरमध्ये (मूळ जँगोत) नको, वेगळं पॅकेज करा, यानं लोकांचा जुना कोड मोडेल, वगैरे. ट्यूटोरियलमध्ये हे कुठलं सापडायला, तिथं सगळं पहिल्या फटक्यात बरोबर येतं.

शिवाय कॉलेजातली एक मैत्रीण पुण्यात अशीच एकटी डेव्हलपर आहे. कंपनीचा कोड एकमेकींना दाखवता येत नाही, म्हणून रविवारी घरचे प्रोजेक्ट बघतो. ती फार कडक आहे, 'डेटा2' असलं नाव दिसलं की पुढं वाचतच नाही बया.