मावशींनी सांगितलेली लक्षणे

सिंहगड रस्त्यावर धायरीच्या पुढे असलेल्या एका वृद्ध-निवासात मी परिचारिका म्हणून काम करते. दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीतून अन्न दिल्यावर अर्धा तास डोके उंच ठेवणे, या सगळ्याची नोंद आमच्या रजिस्टरमध्ये असते. मात्र त्यात लिहिण्याची मुभा फक्त आम्हा सिस्टरांना आहे. अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, दिवसाचे बारा तास उशाशी असणाऱ्या मावशींना नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी मावशी येऊन म्हणाल्या, "सिस्टर, बाईंचं काहीतरी बिनसलंय. रोज वेणी होईस्तोवर रबरबँड बोटात अडकवून बसतात आणि शेवटी माझ्या हातात देतात. आज तोंडात घालून चावत होत्या." बाई म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका. स्मृतिभ्रंश होता, पण सौम्य. ताप, नाडी, रक्तदाब, साखर, सगळे ठीक होते आणि रात्रपाळीने 'झोप शांत' असे लिहिले होते. दुपारी मात्र त्या मला ओळखेनात. मध्येच नीट बोलत, मध्येच पांघरुणाचे काठ ओढत राहत.

मुलाला बेंगळुरूला फोन केला, तर तो म्हणाला, "वय झालंय, आजार वाढणारच." नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवरच रात्री झोपेची गोळी द्यायला सांगितले. हे ऐकले की माझा संताप होतो. स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-महिन्यांनी वाढत जातो. माणूस सकाळचा दुपारी असा बदलला, तर त्यामागे बहुधा मूत्रमार्गाचा संसर्ग, पाणी कमी पडणे, नवे औषध किंवा रक्तातले घसरलेले सोडियम असते, आणि झोपेच्या गोळीने ते कारण फक्त झाकले जाते. फाइल उघडली तेव्हा पंधरवड्यापूर्वी रक्तदाबाची गोळी बदलल्याचे आणि नव्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असल्याचे दिसले. त्यात जेवणातले मीठ आधीच कमी केलेले आणि उन्हाळा म्हणून आग्रहाने पाजलेले भरपूर पाणी. सोडियम घसरायला ही तिन्ही कारणे पुरेशी होती. मी रक्ततपासणीचा हट्ट धरला, आणि डॉक्टरांनीही मग आढेवेढे घेतले नाहीत. सोडियम निघाले 116. ते किमान 135 असायला हवे.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे नेमकं केव्हापासून?" तो प्रश्न उपचाराच्या मुळाशी होता. सोडियम 48 तासांच्या आत घसरले असेल तर ते लवकर वर आणता येते. त्याहून जुने असेल तर फार सावकाश वाढवावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. रजिस्टरमध्ये याचे उत्तर नव्हते. ड्यूटी संपवून जनता वसाहतीत घरी पोहोचलेल्या मावशींना मी फोन लावला. त्या म्हणाल्या, "तीन दिवस झाले की. भाकरीचा तुकडा हातात धरून बसायच्या, खायचं विसरल्यागत." डॉक्टरांनी ते लिहून घेतले आणि सोडियम हळूहळू वाढवायचे ठरवले. ती गोळी कायमची बंद झाली आणि बाई बऱ्या होऊन परतल्या.

पुढच्याच महिन्यात मावशी पुरवणाऱ्या ब्युरोने त्यांना बाणेरच्या एका घरी पाठवले, कारण तिथे दर जास्त मिळत होता. ब्युरोच्या लेखी एक मावशी गेली, दुसरी आली, की हिशेब पुरा होतो. रजिस्टरमध्ये मावशींसाठी एक रकाना वाढवावा, असे मी व्यवस्थापनाला लेखी सुचवले; नमुना ठरलेला आहे आणि मावशींना नीट लिहिता येत नाही, असे उत्तर आले. त्या सकाळी बाईंजवळ एखादी नवखी मावशी असती, तर रबरबँड चावण्यात तिला काय वावगे दिसले असते, हे मला अजून उमगत नाही. आता पाळी बदलताना मी प्रत्येक मावशीला "आज काय वेगळं वाटलं?" असे विचारते आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावानिशी, एका वेगळ्या वहीत उतरवते. डॉक्टर तपासायला आले की फाइलच्या आधी ती वही त्यांच्यापुढे ठेवते.