पाठांतराचा डबा

नाताळच्या आधीच्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथ शाळेचं (मुलांच्या रविवारच्या बायबल-वर्गाचं) संमेलन भरायचं. नगर जिल्ह्यातलं छोटं गाव. देवळापुढे मांडव, एक पेटी, ढोलकी आणि दोन टाळांचे जोड. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनं आपल्या मराठी चालीत रचून ठेवलेली, त्यामुळे टाळ धरायला कुणाला शिकवावं लागत नसे.

नाटुकलं दरवर्षी तेच, येशूच्या जन्माचं. त्यातल्या मेंढपाळांना तोटा नव्हता. घोंगडी घरोघरी होतीच. एका वर्षी येशूचे आईबाप मरीया-योसेफ बाळाला मंदिरात नेतात तो प्रवेश बसवला आणि अर्पणाला दोन पारवे आणले. कोकरू का नाही, असं मी विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, "बायबलात, लेवीय पुस्तकात लिहिलंय, कोकराची ऐपत नसेल तर दोन पारवे चालतात." मागून मावशी बोलल्या, "मंग ती आपल्यातलीच की!"

या मावशी खुरपणीला जायच्या. अक्षरओळख नाही. नातवाकडून ऐकून ऐकून त्यांनी मरीयेचं स्तोत्र, येशू पोटात असताना तिनं गायलेलं, तोंडपाठ केलं होतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली 46 ते 55, दहाच वचनं. पण संमेलनातल्या मोठ्यांच्या पाठांतर स्पर्धेत त्यांच्यापुढे कुणी टिकत नसे. "माझा जीव प्रभूला थोर मानतो" इथून सुरुवात व्हायची ती ओवीच्या सुरात, डोळे मिटून. मास्तर, कंपाउंडर बिनचूक म्हणायचे खरे, पण हजेरी घेतल्यासारखे.

"अधिपतींना राजासनांवरून ओढून काढले आहे" या वचनाला मावशींचे डोळे उघडायचे. "धनवानांस रिकामे लावून दिले आहे" म्हणताना नजर थेट पुढच्या खुर्च्यांवर जायची. तिथे मांडवाचा खर्च देणारे बसलेले असत. एक जण घसा साफ करायचा. बायकांच्या बाजूला पदर तोंडाला लागायचे आणि ढोलकीवाला, कुणी न सांगता, एक थाप टाकायचा.

पोरींना आम्ही हे स्तोत्र हळू, लाजत म्हणायला शिकवत होतो. मला वाटतं, तिथेच आमचं चुकत होतं. नासरेथच्या त्या पोरीनं, मरीयेनं, ते मावशींसारखंच म्हटलं असणार.

बक्षीस ठरलेलं, स्टीलचा डबा. मावशींच्या फळीवर लहानमोठे नऊ डबे ओळीनं होते. आठांत डाळी आणि पीठ. नवव्यात मिसरी असायची, आणि पाळकसाहेब घरी आले की तो डबा भिंतीकडे सरकायचा.