हौदातल्या बुडबुड्यापासून विमानाच्या हीटरपर्यंत : आमची वाटचाल

इंदूरच्या पोलोग्राउंडमध्ये बाबांनी रेडिएटर दुरुस्तीची शेड टाकली, तेव्हा रस्त्यावर ॲम्बॅसिडर आणि मेटॅडोर धावत. पितळी टाकी, तांब्याच्या नळ्या, कथिलाचा डाख. दुरुस्त केलेल्या रेडिएटरमध्ये हवा भरून तो हौदात बुडवायचा आणि एकही बुडबुडा दिसला तर परत शेगडीवर, हा त्यांचा शिरस्ता. पीथमपूरला कारखाने आल्यावर ट्रकचं काम वाढलं. मग प्लॅस्टिकच्या टाकीचे ॲल्युमिनियम रेडिएटर आले आणि लोक दुरुस्तीऐवजी सरळ नवा बसवू लागले. त्या मंदीत मी धंद्यात आले, आर्गन वेल्डिंग शिकले, मशीन हप्त्यावर घेतलं. "डाख द्यायला हप्ते लागत नाहीत," असं बाबा म्हणाले. पहिले हप्ते मात्र त्यांनीच भरले.

विमानाचं काम आलं ते ओळखीच्या एका काकांमुळे. दोन आसनांचं हलकं विमान, इंजिन रोटॅक्स 912. "अगं, वर गेलं की पाय बधिर होतात, पेडल कळतच नाही," ही त्यांची तक्रार. इंदूरची 10 अंशांची सकाळ म्हणजे काही फार थंडी नव्हे. पण दर 1000 फुटांमागे पारा साधारण 2 अंश उतरतो. 4000 फूट चढलं की हिशेबाने 2 अंशच उरतात, वर फटींतून शिरणारा वारा.

या इंजिनाची हेड पाण्याने थंड होतात, म्हणजे गरम पाणी आयतंच. मोटारीसारखी हीटरची छोटी जाळी केबिनमध्ये बसवणं आम्हाला सहज जमलं असतं. पण तिचा एक पाइप सुटला तर इंजिनाचं पाणी जाणार आणि कूलंटच्या वाफेने समोरची काच धुरकटणार. जमिनीवर गाडी बाजूला घेता येते, वर काय घेणार? म्हणून पाण्याचा एकही सांधा वाढवला नाही. रेडिएटरच्या पाठीमागून निघणाऱ्या गरम हवेवर पत्र्याचं तोंड बसवलं, तिथून सिलिकॉनचा होज आणि फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या आडभिंतीवर, स्टेनलेसची झडप. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, आग लागली तर त्याची झडप कामाची नाही. झडप मिटली की गरम हवा बाहेर निघून जाते, अडून राहत नाही. नकाशा आधी मान्यतेला गेला आणि काम परवानाधारक इंजिनियरच्या देखरेखीखाली झालं. त्याशिवाय आम्ही पान्याला हात लावत नाही.

खरा फरक पडला तो फटी बुजवल्यावर. गार हवा दारापेक्षा शेपटीकडून पुढे येत होती. मागचा पडदा नीट बसवला आणि केबिनमधली हवा निघून जायला वाट ठेवली, कारण जुनी हवा बाहेर गेल्याशिवाय गरम हवा आत येतच नाही.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनांचं काम वेगळं. तिथे सायलेन्सरभोवती पत्र्याचं कवच असतं. समोरून आलेली हवा त्या तापलेल्या नळीला घासून केबिनमध्ये जाते. नळीभोवती स्टेनलेसची स्प्रिंग गुंडाळली की हवेला जास्त तापलेला पृष्ठभाग मिळतो, ही हौशी विमान बांधणाऱ्यांची जुनी युक्ती. पण त्याच नळीला केसाएवढी चीर गेली तर कार्बन मोनॉक्साइड थेट पायलटपाशी. त्याला ना वास, ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून जास्त जोराने चिकटतो. म्हणून कवच काढल्याशिवाय आम्ही तपासणी झाली असं मानत नाही. एक्झॉस्टच्या तोंडातून ब्लोअरने हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. पहिल्यांदा हे पाहून आमचे उस्ताद हसले, "दीदी, ये तो अपना ही हौद है." मग मात्र वेल्डच्या कडेला टिकलीएवढा फेस आला आणि ते चष्मा पुसायला लागले.

तो सायलेन्सर आम्ही वेल्डिंगचा डाग मारून दिला नाही. मालक नाराज झाले, दुसरीकडे गेले. असं गिऱ्हाईक जातं, जाऊ दे.

आजही आमचं पोट ट्रकच्या कामावरच चालतं. विमानाची कामं मोजकी येतात, पण ती करताना पोरं मन लावून शिकतात. एवढंच सांगते : हीटर हवा असेल तर डिसेंबरात फोन करू नका. पावसाळ्यात विमान हँगरमध्ये उभं असतं, तेव्हाच मापं घेऊ द्या. मान्यतेची कागदपत्रं थंडी बघून हलत नाहीत. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधी आणून ठेवा. तो नसेल तर आम्ही झडपेची तारही जोडत नाही.