खर्रा न खाणाऱ्या पोराचे दात

आमच्या कॉलेजात पर्यावरण अभ्यास हा विषय ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्या गळ्यात पडतो. मी वनस्पतिशास्त्राची. हा विषय बरीच वर्षं माझ्याकडे आहे आणि मला तो मनापासून आवडतो. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या शाखांच्या पदवीला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लावला, म्हणून तो बी.ए., बी.कॉम.च्या पोरांनाही असतो. पोरं त्याला 'नुसता पास व्हायचा पेपर' म्हणतात. गाईड आणायचं, ओझोनचा थर पाठ करायचा, सुटलो. क्षेत्रभेटीची फाइलही झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते. पांढरकवड्याच्या बाजूला राहणाऱ्या पोराने गंगेच्या प्रदूषणावर प्रकल्प लिहावा आणि आपल्या हापशीतून काय येतं हे त्याला माहीत नसावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

म्हणून त्या दिवशी सगळ्यांना घरचं पिण्याचं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत आणायला सांगितलं होतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना पाणी तपासायचं शिकवलं आहे, किट दिलं आहे. शेजारच्या गावच्या अशाच एका ताईंना मी बोलावलं. त्या किट घेऊन आल्या आणि तास त्यांनीच घेतला. नळीत खुणेपर्यंत पाणी, वरून औषधाचे थेंब, नळी हलवायची आणि रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. तपासायचं होतं ते फ्लोराइड, म्हणजे पाण्यात विरघळलेला, डोळ्यांना न दिसणारा एक क्षार. तो नसेल तर पाणी गुलाबी राहतं. जसजसं फ्लोराइड जास्त, तसतसा गुलाबी रंग उडत पिवळ्याकडे जातो. आपल्या मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं.

बऱ्याच बाटल्या गुलाबी निघाल्या, काही नारिंगीकडे झुकल्या. मग एका पोराच्या बाटलीतलं पाणी नळीत घेतलं. दिसायला सगळ्यांत स्वच्छ पाणी त्याचंच होतं. थेंब पडले, ताईंनी नळी हलवली आणि गुलाबी रंग डोळ्यांदेखत गेला. नळी पिवळी. ताईंनी दुसरी नळी धुऊन पुन्हा करून पाहिलं. तोच रंग, तक्त्यावर दीडच्या पुढच्या खान्यातला.

त्या पोराच्या पुढच्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा आहेत. बोलताना तो ओठ मिटून घेतो, हसताना हात तोंडावर जातो. मी दातांकडे नुसतं पाहिलं, तर तोच म्हणाला, "मॅडम, मी खर्रा नाही खात जी." खर्रा म्हणजे आमच्याकडे चघळतात ती तंबाखू-सुपारी. हे वाक्य त्याला किती ठिकाणी बोलावं लागलं असेल! शाळेत त्याचा खिसा तपासला गेला होता. बसस्टँडवर ओळखीची माणसं 'आतापासूनच लागला का' म्हणायची. घरी आई वेगळीच रडायची.

मी त्याला सगळ्यांसमोरच सांगितलं, कारण टोमणेही सगळ्यांसमोरच मारले गेले होते. हिरड्यांच्या आत पक्के दात घडत असतात तेव्हा, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, पोटात फ्लोराइड जास्त गेलं की दाताच्या वरच्या थराची घडण बिघडते. तो डाग आतूनच येतो, घासून जात नाही. वर्गात चिडीचूप. मागच्या बाकावरची त्याच्याच गावची मुलगी हळूच म्हणाली, "आमच्याइकडे तं सगळ्याईचेच असे हायेत."

दुपारी काळी-पिवळी जीप करून आम्ही त्याच्या गावी गेलो. पाठ्यपुस्तकातल्या जलप्रदूषणाच्या धड्यात कारखाना असतो, सांडपाणी असतं, कुणीतरी दोषी असतं. इथे चहूकडे कपाशी आणि तूर, चिमणी नावाला नाही. हे फ्लोराइड खडकातून येतं. खोल बोअरचं पाणी खडकाच्या फटींत वर्षानुवर्षं थांबलेलं असतं, खनिजं त्यात हळूहळू विरघळतात. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइडला बांधून खाली बसवणारं कुणी उरत नाही. हापशी जितकी खोल तितकं पाणी बारमाही, आणि नेमकं तेच बाधणारं.

गावातल्या दोन्ही हापशा पिवळ्या निघाल्या. बाया जमल्या. त्या पोराची आई म्हणाली, "घासू घासू थकलो जी आमी, राखुंडी झाली, पावडर झाली." एकीने विचारलं, पाणी उकळून प्यालो तर? उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं.

देवळामागे जुनी विहीर होती, वर जाळी टाकलेली. तिचं पाणी तपासलं, तर गुलाबी. पोरं आनंदाने ओरडलीच. पण एक म्हातारी पुढे आली. "हिरीचं पाणी तं डॉक्टरनंच बंद कराले सांगतलं होतं. हगवणीनं लेकरं गेली होती गावात." तिचं शंभर टक्के खरं होतं. ताईंनी जंतू तपासायच्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ती बाटली काळी पडली, म्हणजे पाण्यात जंतू होते. जंतूंपासून लेकरं वाचवायला गाव हापशीवर आलं आणि दगडातल्या विषाच्या तावडीत सापडलं. दोन्ही वेळा कुणाचा हेतू वाईट नव्हता. मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण स्वच्छ पाणी म्हणजे काय याचं उत्तर इतकं अवघड असल्याचं मला त्या विहिरीच्या काठावर जेवढं जाणवलं तेवढं कोणत्याच पुस्तकात जाणवलं नाही.

मात्र दोन्हींत एक फरक आहे. जंतू ब्लीचिंग पावडरने मरतात, थोडक्या पैशांत. फ्लोराइड काढायला आरओ तरी लागतो, नाही तर तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत, जी आपल्या नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. ती रोज नीट मापाने करावी लागते. म्हणून ग्रामसेवकांसमोर ठरलं ते असं: विहीर उपसायची, ब्लीचिंग टाकायचं, पुन्हा तपासायचं, आणि पिण्याचं व स्वयंपाकाचं पाणी तिथून न्यायचं. हापशीचं पाणी धुण्या-भांड्याला. शिवाय लेकरांच्या ताटात दूध आणि तरोट्याची रानभाजी, कारण कॅल्शियम हवं. दिवसभर कोरा चहा नको, चहापत्तीतच फ्लोराइड असतं.

निघताना तो पोरगा धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन आला. चार वर्षांची, दुधाचे दात पांढरेशुभ्र. "हिचे वाचतीन का मॅडम?" मी म्हटलं, पाणी आजपासून बदललं तर बरेच वाचतील. पक्के दात अजून आतच आहेत. त्याने लगेच आईला हाक मारली आणि हापशीवरून भरून आणलेली कळशी अंगणात ओतून दिली.

जिल्हा प्रयोगशाळेच्या अहवालातही दोन्ही हापशा मर्यादेबाहेर आल्या. ग्रामपंचायतीने त्यांच्यावर लाल रंग मारला. विहीर एप्रिलमध्ये तळाला जाते, त्यामुळे उन्हाळ्यासाठी शाळेच्या छताचं पावसाचं पाणी टाकीत साठवावं असा अर्ज पोरांनी दिला आहे. त्यावर अजून निर्णय नाही. त्यांची फाइल मात्र मी तपासून गुण दिले, आणि अर्जाची पोचपावती तिला जोडायला लावली.