रीगॅलिसची कात आणि विस्कटलेली क्रमवारी

माझ्याकडच्या झाडावर राहणाऱ्या टॅरंटुला कोळ्यांपैकी रीगॅलिसच्या मादीने टाकलेली कात या वेळी अखंड हाती लागली आणि मागच्या नोंदीतील आकारांची क्रमवारी त्याच संध्याकाळी विस्कटली. त्या तक्त्यात पायांच्या पसाऱ्यानुसार पोएसिलोथेरिया रीगॅलिस १६.४ सेंटिमीटरसह पहिली होती आणि साल्मोपियस केंब्रिजाय १४.२ सेंटिमीटरसह बरीच मागे होती. कातीवरून मोजलेले कॅरापेस, म्हणजे अंगाच्या पुढच्या भागावरचे टणक कवच, मात्र रीगॅलिसचे २२.४ मिलिमीटर भरले, तर केंब्रिजायच्या जपून ठेवलेल्या कातीतील कॅरापेस २३.१ मिलिमीटर आहे. अंगाने किंचित मोठी असलेली मादी पसाऱ्यात दोन सेंटिमीटरहून अधिक लहान कशी भरते, या प्रश्नाने मला पुरते छळले. ही नोंद मुख्यतः त्याविषयीच आहे.

पहिला संशय पायांच्या प्रमाणावर होता. पोकी, म्हणजे पोएसिलोथेरिया कोळी, लांब पायांचेच असतात, असे आपण सगळेच गृहीत धरतो. म्हणून दोन्ही काती कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून, मऊ होईपर्यंत भिजवल्या आणि थर्माकोलवर पसरून पायांच्या दोन्ही बाजूंना टाचण्या लावल्या. ओल्या कातीचा पसारा टोकापासून टोकापर्यंत थेट मोजू नये, कारण सांध्यांमधील पातळ पापुद्रा ताणला जातो आणि माप फुगते. त्याऐवजी वर्गीकरण करणारे अभ्यासक मोजतात त्याप्रमाणे फीमर, पटेला, टिबिया, मेटाटार्सस आणि टार्सस हे पाचही भाग स्वतंत्र मोजून त्यांची बेरीज केली. रीगॅलिसचा पुढचा पाय ७० मिलिमीटर आणि मागचा ६६ मिलिमीटर आला, तर केंब्रिजायचे तेच पाय ७० आणि ६४ आले. इतक्या फरकातून पसाऱ्यातील तफावत निघणे शक्य नव्हते.

उत्तर अखेर जुन्या छायाचित्रांत सापडले. रीगॅलिस विश्रांती घेताना कॉर्कच्या सालीला अंग चिकटवून अगदी सपाट बसते. पुढच्या पायांच्या जोड्या सरळ वर आणि मागच्या सरळ खाली ताणलेल्या असतात. केंब्रिजाय मात्र गुडघे वर काढून बसते आणि काचेवर आली तरी तिचे सांधे क्वचितच पूर्ण उलगडतात. दोघींचेही माप मी काचेवर चिकटवलेल्या मोजपट्टीवरून घेत होतो. त्यामुळे एकीचा जवळजवळ पूर्ण पसारा नोंदला जात होता आणि दुसरीचा आखडलेला. कॅरिबेना व्हर्सिकलर या तिसऱ्या कोळ्याच्या बाबतीत तर हा गोंधळ आणखी वाढतो, कारण ती जाळ्याच्या नळीतच पाय दुमडून बसते आणि दाट केसांमुळे तिचे पाय आहेत त्याहून आखूड व जाड भासतात.

जिवंत प्राण्याला उलगडून मोजण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो कृपया ऐकू नये. पोकींच्या दंशानंतर स्नायूंमध्ये तीव्र पेटके येतात आणि ते काही जणांना पुढेही बरेच दिवस त्रास देत राहतात. शिवाय पोएसिलोथेरिया आणि साल्मोपियस या दोन्ही प्रजातींच्या कोळ्यांकडे खाज आणणारे केस नसतात, त्यामुळे इशाऱ्यानंतरची त्यांची पुढची पायरी पळ किंवा दंश हीच असते.

म्हणून यापुढे तक्त्याचा पहिला स्तंभ कॅरापेसच्या लांबीचा राहील. कात टाकताना हे कवच डब्याच्या झाकणासारखे उघडून वेगळे होते. ते टणक असल्याने वाळल्यावरही फारसे बदलत नाही. मध्यरेषेवर पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत मोजावे आणि जबड्याचे भाग त्यात धरू नयेत. कॅलिपर पोलादी घेण्यापेक्षा प्लॅस्टिकच्या टोकांचा स्वस्त घ्यावा, असे माझे आता ठाम मत झाले आहे, कारण पोलादी टोकाने कातीची कड सहज तुटते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या अचूकतेसाठी महागड्या उपकरणाची गरज नसते.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. कात नेहमी आधीच्या अवस्थेचे माप सांगते, त्यामुळे २२.४ मिलिमीटर हा आकडा मादीच्या आजच्या अंगाचा नसून कात टाकण्यापूर्वीच्या अंगाचा आहे. मात्र हे वाक्य लिहीत असतानाच लक्षात आले की ही अडचण उपयोगाचीही ठरू शकते. दोन कातींच्या मधल्या काळात कॅरापेसची लांबी बदलत नाही. तेव्हा त्या संपूर्ण अवस्थेत वरून काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात कॅरापेस हीच मोजपट्टी आहे. मोजपट्टी काचेवर आणि कोळी मागे सालीवर असल्याने होणारी दृष्टिभ्रमाची चूकही त्यामुळे टळते. काचेवर नवी जाळीदार मोजपट्टी लावण्याचा बेत मी त्यामुळे रद्द करत असून, त्याऐवजी जुना छायाचित्रसंग्रह पुन्हा मोजून काढणार आहे.

हेटेरोस्कोड्रा मॅक्युलाटा आणि साल्मोपियस इर्मिनिया यांच्या काती आधीपासून आहेत आणि त्यांची क्रमवारी बदललेली नाही. मॅक्युलाटा अंगाने लहान असली तरी मागच्या पायांच्या जाडीमुळे भरदार दिसते, हे पूर्वी लिहिले होतेच. ओमोथायमस व्हायोलेसिओपेसने मात्र आपली कात नळीच्या तळाशी तुडवून चिखल केली. आकाराच्या स्पर्धेत खरी दावेदार तीच असताना तिची जागा रिकामी ठेवावी लागते, याचा मला मनस्ताप आहे.

आता रूपाविषयी. नवी कात टाकलेली रीगॅलिस पाहणे हा या छंदातील सर्वांत मोठा आनंद आहे, असे मी पक्षपात मान्य करूनही म्हणेन. पाठीवरची करडी-पांढरी नक्षी इतकी स्वच्छ दिसते की सालीवरचे शेवाळही मळकट वाटते, आणि काचेवर चढल्यावर पुढच्या पायांच्या आतील बाजूचा पिवळा रंग व पोटाखालचा फिकट आडवा पट्टा स्पष्ट दिसतो. हा पट्टाच तिला सारख्या दिसणाऱ्या इतर पोकींपासून वेगळी ओळखण्यास सर्वांत उपयोगी पडतो. त्यामुळे जर्मनीतील हॅम येथील टेरारिस्टिका मेळ्यातून पिल्ले घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे आईच्या पोटाकडील बाजूचे छायाचित्र अवश्य मागावे. चिठ्ठीवरचे नाव पुरेसे मानू नये, कारण या प्रजातीत संकरित पिल्ले फिरत असतात. संपूर्ण पोएसिलोथेरिया २०१९ पासून साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने पैदाशीचा कागदही सोबत घ्यावा. महाराष्ट्रातील वाचकांना एवढेच सांगतो की रीगॅलिस ही पश्चिम आणि पूर्व घाटांतील रहिवासी आहे, तिला झाडाच्या ढोलीतच पाहावे.

पोएसिलोथेरिया मेटॅलिकाची तुलना या वेळी रंगापुरतीच करता येईल. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ मध्ये आंध्र प्रदेशातील गुत्तीच्या नमुन्यावरून वर्णन केलेला हा कोळी पिवळसर दिव्याखाली राखाडी दिसतो आणि पांढऱ्या एलईडीखाली एकदम निळा होतो. त्याचा निळा रंग केसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश परतल्याने निर्माण होतो, त्यामुळे दिव्यात निळा अंशच कमी असेल तर परतणार काय? कॅरिबेनाचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. मार्टिनिक बेटावरचा हा कोळी पिल्लू असताना गडद निळा असतो आणि वाढत जाताना त्याचे कॅरापेस हिरवे व पोट लालसर होत जाते. तेव्हा रंगांच्या तक्त्यात अवस्थेचा उल्लेख नसेल, तर त्या ओळीला काही अर्थ राहत नाही. नर तर मी पूर्णपणे वगळले आहेत. इर्मिनियाची मखमली काळी मादी आणि तिचा मळकट तपकिरी नर एकाच रांगेत बसवणे व्यर्थ आहे.

मेटॅलिकाच्या मादीने खाणे बंद केले असून तिचा रंग फिका पडला आहे, त्यामुळे पुढची कात तिचीच असावी. तोपर्यंत केंब्रिजायची छायाचित्रे नव्या पद्धतीने मोजून होतील. तिचे सांधे उलगडलेले एखादे जरी छायाचित्र सापडले, तरी रीगॅलिसचे पहिले स्थान पसाऱ्यात तरी टिकते का, हे पडताळता येईल. व्हायोलेसिओपेसची अखंड कात कोणाकडे असेल, तर कॅरापेसची लांबी आणि कात टाकल्याची तारीख जरूर कळवावी.