औषधाच्या चोरीत किंमत नाही, वजन मोजलं जातं

रुग्णालयाच्या कपाटातून अल्प्राझोलाम या चिंता कमी करणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या औषधाच्या काही स्ट्रिप्स गेल्या, तर मालाची किंमत किरकोळच भरते. त्यामुळे भरपाई दिली की मिटलं, असा समज असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये 5000 रुपयांहून कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच केलेल्याने माल किंवा किंमत परत केली, तर सामुदायिक सेवेची शिक्षा आहे, हे खरं. पण ही सवलत फक्त साध्या चोरीपुरती.

कर्मचाऱ्याने मालकाच्या ताब्यातली वस्तू उचलली की कलम 306 लागतं, 7 वर्षांपर्यंत कैद. कपाटाची किल्ली आणि साठा ज्याच्या हवाली केलेला आहे, त्यानेच माल लांबवला तर ती चोरी राहत नाही, तो कलम 316 खालचा विश्वासघात होतो. नोकरासाठी त्यातही 7 वर्षं. आरोपी लोकसेवक असेल, म्हणजे सरकारी रुग्णालयातला औषधनिर्माता वगैरे, तर 10 वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंत. म्हणून तपासात पहिला प्रश्न असतो तो किल्ली कोणाकडे होती याचा. नोंदवहीत खोटी नोंद करून तूट झाकली तर कलम 344 वेगळं लागतं. अँप्युलमधलं (इंजेक्शनच्या काचेच्या कुपीतलं) औषध काढून त्यात सलाईन भरून ठेवलं, तर औषधातल्या भेसळीचं 276 आणि रुग्णाचा जीव धोक्यात घातल्याचं 125 ही कलमंही पुढे येतात.

हे सगळं झालं चोरीचं. त्याच मालावर 1985 चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांचा कायदा, स्वतंत्रपणे चालतो. त्याच्या कलम 8 नुसार असे पदार्थ वैद्यकीय किंवा शास्त्रीय कामासाठी आणि ठरवून दिलेल्या पद्धतीनेच बाळगता येतात. चोरलेला माल त्या चौकटीत बसत नाही, त्यामुळे तो बाळगणं हाच दुसरा गुन्हा. मॉर्फिन, फेंटानिल या तीव्र वेदनाशामकांसाठी कलम 21, अल्प्राझोलाम, डायझेपाम अशा गुंगीच्या औषधांसाठी कलम 22. शिक्षा मात्रेवर ठरते. अल्प मात्रेला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; व्यावसायिक मात्रेला किमान 10, कमाल 20 वर्षं आणि 1 ते 2 लाख दंड; मधल्या मात्रेला 10 वर्षांपर्यंत.

खरी गोम इथे आहे. अल्प्राझोलामची अल्प मात्रा 5 ग्रॅम आणि व्यावसायिक 100 ग्रॅम. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतलं शुद्ध औषध मोजलं, तर 5 ग्रॅम व्हायला 10,000 गोळ्या लागतील. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या हिरा सिंग निकालानुसार मिश्रणाचं एकूण वजन धरायचं असतं. गोळीचं वजन 100 मिलिग्रॅम धरा: 50 गोळ्यांतच 5 ग्रॅम होतात, आणि 1000 गोळ्यांत, म्हणजे दहाच्या शंभर स्ट्रिप्समध्ये, 100 ग्रॅम. तयार औषधांना हा हिशेब जसाच्या तसा लावायचा का, यावर न्यायालयात युक्तिवाद होतात, आणि बचावाचा बराच जोर तिथेच असतो. कारण व्यावसायिक मात्रा ठरली की एनडीपीएसचं कलम 37 जामिनाच्या आड येतं: आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, याची खात्री पटल्याशिवाय न्यायालय जामीन देत नाही.

खटले बऱ्याचदा कागदावर अडखळतात. वापराची नोंद एकाच सहीची, उरलेलं औषध टाकताना साक्षीदार नाही, साठ्याचा ताळा आठवड्यानंतर: मग माल नेमका कोणत्या पाळीत गेला हेच सांगता येत नाही. जप्तीनंतर याच कायद्याच्या कलम 52अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढलेले नसले, तर बचाव पक्ष तिथे बोट ठेवतोच. अंगझडतीसाठी कलम 50 आहे. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडतीचा हक्क आहे हे सांगावं लागतं. नुसत्या बॅगेच्या झडतीला ते लागत नाही.

स्वतःच्या व्यसनापायी चोरी केलेल्यांबाबत एनडीपीएसचं कलम 64अ महत्त्वाचं. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात आरोपीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार पूर्ण केले, तर त्या गुन्ह्यापुरता खटला चालत नाही. चोरीचं किंवा विश्वासघाताचं कलम मात्र त्याने सुटत नाही, ते न्याय संहितेखाली तसंच उभं राहतं.